वाटेकरी मुले : प्रस्तावना

कोकणात वाटणीइतका जिव्हाळ्याचा आणि वाटणीइतका कडवट विषय दुसरा नसेल. मळ्यातला एखादा कुणगा, हद्दीवरचा फणस, सामायिक बावीवर पाणी भरण्याचा हक्क, फार काय मूळ घरातल्या गणपतीची पाळी, अशा एकेका बाबीवरून सख्खे भाऊ पिढ्यान्‌पिढ्या दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत असल्याची उदाहरणे आमच्या इन्सुलीतच काय, बांद्यापासून मालवणपर्यंतच्या कोणत्याही गावात मिळतील. आणि तरीही ज्या मुलखात माणसे आपला वाटा इतक्या असोशीने जपतात, त्याच मुलखात घरातल्या एका वाटेकऱ्याचा वाटा मात्र फारशी खळखळ न होता बाजूला पडत आला आहे. तो वाटेकरी म्हणजे घरातले अपंग मूल. यात कोणाच्या मनात दुष्टावा असतो असे मुळीच नाही. उलट त्या मुलाच्या ताटात पहिला घास पडतो, त्याच्यासाठी नवस बोलले जातात, रवळनाथाला गाऱ्हाणे घातले जाते, आणि त्याची आई त्याला जन्मभर फुलासारखे जपते. फक्त 'तू काय करशील?' हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही.

धर्मशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी नियमबद्ध करून ठेवली होती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, उन्मत्त, जड आणि मूक यांना दायभागातून वगळले आहे, आणि लागलीच पुढे, अशांना यथाशक्ति अन्नवस्त्र दिलेच पाहिजे, न देणारा पतित होतो, असेही बजावले आहे. शास्त्रकार निर्दय होते असे म्हणता येणार नाही. त्यांनी पोटगीची तजवीज केली होती आणि वाटा नाकारला होता. हा नियम इंग्रजी अंमलातही हिंदूंचा कायदा म्हणून चालू राहिला. १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने वारसाहक्कातील या अपात्रता दूर करणारा कायदा केला, परंतु त्यातही जन्मतः वेडा किंवा जडबुद्धी असणाऱ्यास अपवाद म्हणून बाहेरच ठेवले. आणि कोणत्याही रोगामुळे, व्यंगामुळे वा विद्रूपतेमुळे कोणाचाही वारसा बुडणार नाही असे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले जाण्यासाठी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे २८ वे कलम यावे लागले. कायद्याच्या पुस्तकातून जुना नियम गेला त्याला आता बराच काळ लोटला. घरातून तो गेला की नाही, हे ज्याने त्याने आपापल्या पडवीत डोकावून पाहावे.

अपंग मुलांचे आणि तरुणांचे मनोधैर्य, त्यांचा चिवटपणा, आघाताने वाकूनही पुन्हा ताठ होण्याची त्यांची शक्ती, हा या संग्रहाचा विषय असता मी आरंभीच दायभागाची चर्चा काढावी याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु या विषयाचे जे काही वाचन आणि अवलोकन मला घडले, त्यावरून माझे मत असे बनले आहे की, मनोधैर्य ही मुलाच्या अंगी उपजत असणारी किंवा नसणारी वस्तू नाही, आणि भाषणे देऊन वा थोरांची चरित्रे वाचायला देऊन ती बाहेरून भरताही येत नाही. घराच्या आणि गावाच्या नित्य व्यवहारात त्या मुलाला जो वाटा मिळतो, म्हणजे कामातला, खेळातला, निर्णयातला आणि चुकण्यातला, पडण्याझडण्यातला सुद्धा, त्या वाट्यातून ती हळूहळू घडते. ज्याला जन्मभर पोटगीच मिळाली त्याच्या ठायी कृतज्ञता उपजेल, धैर्य उपजणे कठीण आहे.

आपल्या परंपरेत या मताला आधार नाही असे नाही. महिपतीने सांगितलेली कूर्मदासाची कथा वारकऱ्यांस पाठ आहे. पैठणचा हा भक्त हातापायांवाचून जन्मलेला. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकून तो जमिनीवर सरपटत निघाला, लोकांनी वेड्यात काढले तरी थांबला नाही, आणि माढा तालुक्यातील लऊळ येथे त्याचे त्राण संपले, तेव्हा विठ्ठल स्वतः पंढरपुराहून त्याच्या भेटीस आला. हरदास या कथेचा पूर्वार्ध रंगवून सांगतात, कारण निर्धाराची गोष्ट श्रोत्यांना आवडते आणि आपल्या आळसाबद्दल घटकाभर लाज वाटून घेण्याचे सुखही तीत मिळते. मला उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. 'इतका आलास, तसाच आणखी थोडा ये,' असे देव म्हणाला नाही. उरलेली वाट तो चालून आला. अपंगांच्या विजयगाथा आपण वृत्तपत्रांत वाचतो तेव्हा सरपटण्याचे वर्णन सविस्तर असते, आणि उरलेली वाट कोणी चालायची होती व ती कोणी चालली नाही, याविषयी मात्र चकार शब्द नसतो.

महाराष्ट्रातील या क्षेत्राचा इतिहास नवख्या वाचकास थोडक्यात सांगितला पाहिजे. पहिला काळ भूतदयेचा आणि मिशनांचा. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईत मूकबधिरांची शाळा निघाली. १९०० साली अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली, तीच पुढे दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून नावारूपास आली. केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंनी अंध मुलीबायकांना ब्रेल शिकवण्याची सोय केली. या लोकांनी धर्मबुद्धीने काम केले म्हणून आज त्यांना नावे ठेवण्याची चाल पडली आहे, ती मला पसंत नाही. ज्या काळी अंध मुलीला अक्षर शिकवावे ही कल्पनाच कोणाला सुचत नव्हती, त्या काळी ती ज्यांना सुचली त्यांचा हेतू तपासण्यापेक्षा त्यांनी शिकवलेल्या मुली मोजणे अधिक न्याय्य होय. याच दादरच्या शाळेत, बालपणी दृष्टी गेलेली उल्हासनगरची प्रांजल पाटील शिकली आणि पुढे भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाली, एवढे येथे नमूद करून पुढे जातो.

दुसरा काळ वैद्यकाचा आणि आईबापांचा. या काळाची एक खूण अशी की यातील बहुतेक संस्था कोणा एका मुलासाठी निघाल्या. मुंबईत १९४४ साली वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या जय या मुलीसाठी घरातच मतिमंद मुलांची शाळा सुरू केली. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला, तिच्या उपचारासाठी त्यांनी वणवण केली, आणि त्यातूनच १९४७ साली अपंग बालकांच्या पुनर्वसनाची संस्था व पुढे हाजी अलीचे बालकांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. १९६४ साली पुण्यात सिंधुताई जोगळेकरांची 'कामायनी' निघाली. १९७२ साली मिठू अलूर यांनी मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापिली, तिच्यामागेही त्यांची कन्या मालिनी हीच प्रेरणा होती. आईबाप आणि डॉक्टर यांनी मिळून या काळात मुलाच्या देहाकडे प्रथमच शास्त्रीय दृष्टीने पाहिले, व्यायाम, शस्त्रक्रिया, कॅलिपर, वाचोपचार यांची सोय केली, आणि हजारो मुले उभी केली. दोष इतकाच की मूल 'बरे' होईपर्यंत त्याचे जगणे जणू तहकूब ठेवले जाई. आणि जी मुले बरी होण्यासारखी नव्हतीच त्यांची तहकुबी कधी संपलीच नाही.

तिसऱ्या काळाची सुरुवात मुलांच्या नव्हे, प्रौढ अपंगांच्या तोंडून झाली. इंग्लंडात १९७६ साली शारीरिक अपंगांच्या एका संघटनेने असे जाहीरपणे मांडले की, अवयवाचे वैगुण्य ही एक गोष्ट, आणि समाजाने उभारलेल्या अडथळ्यांमुळे वाट्यास येणारे अपंगत्व ही दुसरी. पायरी चढता न येणे हा पायाचा प्रश्न म्हणून मांडायचा की पायरीचा, हे ठरवणारे आपण कोण? १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, आणि योगायोग असा की त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून फुटून आमचा सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. नवा जिल्हा, नवी कचेरी, नवे रस्ते, सगळे नव्याने आखायचे होते. त्या आखणीत उताराचा एखादा धक्का, एखादा कठडा सहज बसला असता. पण त्या वर्षीचे विचार ओरोसपर्यंत, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत, पोहोचण्यास अवकाश लागला. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा, २००७ साली भारताने मान्य केलेला अपंगांच्या हक्कांविषयीचा जागतिक करार, आणि अखेरीस २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, ज्याने सातांवरून एकवीस प्रकारांपर्यंत अपंगत्वाची व्याप्ती नेली, हा या प्रवाहाचा कायदेशीर क्रम होय. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास वयाच्या सहापासून अठरापर्यंत आपल्या पसंतीच्या जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळवण्याचा अधिकार आता या कायद्याने दिला आहे.

मनोधैर्याच्या अभ्यासाचा प्रवाह या सर्वांहून निराळ्या डोंगरात उगम पावला. हवाई बेटांपैकी कौआई नामक लहानशा बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा, एमी वर्नर या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी, ती मुले चाळिशीस येईपर्यंत पाठपुरावा केला. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले दारिद्र्य, जन्मवेळची गुंतागुंत, घरातील कलह, आईबापांचे आजार अशा अनेक संकटांत एकदमच सापडलेली होती. आणि या संकटग्रस्तांतूनही जवळजवळ एकतृतीयांश मुले समर्थ, आत्मविश्वासी आणि मायाळू माणसे म्हणून वाढली. जन्मवेळच्या इजेचा परिणाम पुढे किती राहतो हे पुष्कळसे घरच्या वातावरणावर अवलंबून असते, हा त्यातला एक निष्कर्ष आमच्या विषयाच्या अगदी काळजाचा आहे. तरून गेलेल्या मुलांच्या बाबतीत काय आढळले? एक तरी वडीलधारे माणूस, आई, आजी, शेजारीण, मास्तर, कोणीही, ज्याने त्या मुलाला विनाअट आपले मानले होते. आणि दुसरे, ज्याकडे वाचकांचे लक्ष मी मुद्दाम वेधतो, ते हे की यांतील अनेक मुलांवर लहानपणी घरातली खरी कामे पडली होती, धाकट्या भावंडाला सांभाळण्याची, चूल पेटवण्याची, म्हणजे ती केली नाहीत तर घराचे अडेल अशी.

पुढे मायकेल रटर यांनी दाखवले की पेलण्याजोग्या लहान लहान ताणांनी मूल खंबीर होते, आणि ताणापासून सर्वस्वी दूर ठेवलेले मूल दुबळे राहते; अमेरिकेत ॲन मास्टेन यांनी २००१ साली असे प्रतिपादिले की हे बळ काही असामान्य मुलांची दैवी देणगी नसून नित्याच्या साध्या मानवी व्यवस्थांचे फळ आहे; कॅनडात मायकेल उंगर यांनी, प्रत्येक समाजात मुलाला उपलब्ध साधनांपर्यंत पोहोचता येणे आणि ती आपल्याला अर्थपूर्ण वाटतील अशा रीतीने मागून घेता येणे, यावर भर दिला; आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन येथे अँजी हार्ट यांनी अपंग मुले, त्यांचे पालक आणि सेवक यांना एकत्र बसवून, मूलभूत गरजा, आपलेपणा, शिकणे, सामना करणे आणि आत्मभान अशा पाच दालनांची एक व्यवहार्य मांडणी सिद्ध केली. हार्ट यांच्या मांडणीत मला विशेष आवडते ते हे की, प्रतिकूलतेवर मात करणे आणि ती प्रतिकूलताच बदलणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालली पाहिजेत असा तिचा आग्रह आहे. या आग्रहावाचून मनोधैर्याचा उपदेश धोक्याचा होतो. तो कोणाही कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पथ्यावर पडतो: उतार बांधला नाही तरी चालेल, मुलगा धीराचा आहे, चढेल पायऱ्या!

शाळेचा वाद येथेच घेतला पाहिजे, कारण या क्षेत्रातील पंथभेद खरोखर तेथेच उघडे पडतात. एक पंथ म्हणतो, विशेष शाळा म्हणजे पांजरपोळ, सर्व मुले एकाच शाळेत हवीत. दुसरा म्हणतो, साधनांवाचून आणि तयार शिक्षकांवाचून सर्वसाधारण शाळेत टाकलेले मूल हजेरीपटावर असते, वर्गात नसते. मुंबईपुण्यात हा वाद तत्त्वाचा असेल. इन्सुलीसारख्या गावात तो अंतराचा आहे. येथे विशेष शाळा म्हणजे दूरच्या गावचे वसतिगृह, सात वर्षांच्या पोराला आईपासून तोडणे आणि मे महिन्यात व गणपतीत आणणे. आणि सर्वसाधारण शाळा म्हणजे हाकेवरची जिल्हा परिषदेची शाळा, जिथे जाण्यासाठी एक व्हाळ आणि त्यावरचा एक अरुंद साकव ओलांडावा लागतो आणि पावसाळ्याचे चार महिने ती लाल चिखलाची पाणंद चाकाच्या खुर्चीला बंद असते. माझा कल एकत्र शाळेकडे आहे. परंतु बहिऱ्या मुलांच्या बाबतीत मी हा कल आवरता घेतो. १८८० साली मिलान येथे भरलेल्या परिषदेने खुणांची भाषा शाळांतून हद्दपार करून ओठ वाचण्याची व बोलण्याची सक्ती पसरवली, आणि त्या भाषेला आपल्याकडे राजमान्यता मिळू लागण्यास, दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची स्वतंत्र संस्था निघण्यास, २०१५ साल उजाडले. मधल्या काळात बहिऱ्या मुलांची जी काही भाषा टिकली ती वसतिगृहांच्या अंगणांत, रात्री दिवे मालवण्यापूर्वी, मुलांनी मुलांना शिकवून टिकली. गावच्या शाळेत एकटेच असलेले बहिरे मूल 'समाविष्ट' आहे असे अहवालात लिहिता येते. त्याच्याशी त्या दिवसात कोणी एक वाक्य तरी पूर्ण बोलले काय, हा रकाना अहवालात नसतो.

आता आमच्या जिल्ह्यातीलच एक उदाहरण. नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मराठी वाचकांस परिचित आहे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या या मुलीला उभारी आली ती उपदेशाने नव्हे, तर स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून आपला धंदा चालवणाऱ्या बाबूकाका दिवाण यांना पाहून. आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारल्यावर पुढे त्या संस्थेने सिंधुदुर्गातील मोरे या गावी 'स्वप्ननगरी' नावाने काजूप्रक्रियेचे केंद्र काढले. काजूच का, असे बाहेरच्यास वाटेल. येथल्या माणसाला वाटणार नाही. कारण एप्रिल-मेत काजूच्या बिया वेचण्यापासून ज्याचा हात लागत नाही असा माणूस आमच्या घरात क्वचितच असतो, आणि ज्याचा लागत नाही तो म्हणजे नेमके पडवीतले ते मूल.

काजूची बी फोडणे हे दिसते तितके सोपे काम नाही. वाफवून वाळवलेली बी यंत्राच्या दोन पात्यांत एका हाताने धरायची, पायाने पायटा दाबला की पाती टरफलात रुततात, मग दुसऱ्या हाताने दांडा फिरवून टरफल उघडायचे. टरफलातून काळपट जहाल तेल सुटते, ते कातडीला लागले की कातडी सोलवटते, म्हणून बोटांना आधी गोडे तेल चोपडून घ्यायचे. नंतर गर पुन्हा वाळवायचा, त्यावरची तांबूस साल नखाने किंवा सुरीने काढायची, आणि अख्खा, पाकळी, तुकडा असे निवडायचे. अख्ख्यातही एका पौंडात किती गर बसतात त्यावरून प्रत ठरते. पायात बळ नसणाऱ्याच्या बाबतीत पायटा हातावर आणावा लागतो आणि मेज असे करावे लागते की खुर्ची त्याखाली शिरेल. हे सुताराचे आणि लोहाराचे काम झाले, ते एकदाच करावे लागते. कठीण असते ते दुसरेच. हात थरथरणाऱ्या मुलाच्या हातून सुरुवातीला पुष्कळ गर तुटणार, अख्ख्याची पाकळी होणार आणि पाकळीचा तुकडा, आणि बाजारात अख्ख्याला जो भाव मिळतो तो तुकड्याला मिळत नाही. त्या तुटलेल्या काजूचा हिशेब कोणाच्या खाती मांडायचा, हा मनोधैर्याच्या सगळ्या शास्त्रातला मला सर्वांत व्यवहारी प्रश्न वाटतो. घरातल्या धडधाकट पोराने शिकताना तोडलेले गर आपण निमूट सोसतो. तेच दुसऱ्याच्या बाबतीत 'तुका जमाचा नाय, तू बस' असे म्हणून आपण ताट ओढून घेतो, आणि ओढून घेताना आपण त्याच्यावर मायाच करीत असतो.

शेजारच्या एका घरात चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी जे पाहिले ते याच्या उलट होते. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याची बोटे मनासारखी वळत नाहीत असा बारा-तेरा वर्षांचा मुलगा गणपतीच्या वरची माटवी बांधीत होता. शिडीवर चढणे त्याला शक्य नव्हते म्हणून चौकटच दोऱ्यांनी खाली आणलेली, आणि तो कवंडळे, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे एकेक करून सुंभाने गुंडाळीत होता. गाठ मारायला त्याला एवढा वेळ लागे की भोवतालच्या मोठ्यांच्या हाताला खाज सुटावी. एका काकाने न राहवून हात पुढे केला तेव्हा त्याची आई चुलीपासून ओरडली, "रात झाली तरी चलात, पण माटवी तोच बांधतलो!" वर्नरबाईंचे नाव त्या माउलीने ऐकलेले असण्याचा संभव नाही.

तरुणांचा प्रश्न मुलांहून अवघड आहे आणि त्याविषयीचे लेखन आपल्याकडे त्याहून विरळ आहे. मूल लहान असते तोवर उचलून नेता येते. सतराव्या वर्षी ते उचलवत नाही आणि उचललेले त्याला आवडतही नाही. आमच्याकडचा तरुण बारावी झाली की दुचाकीवर बसून पत्रादेवीची हद्द ओलांडतो आणि म्हापसा-पणजीकडे नोकरी शोधतो. गाडी हीच त्याची सनद. म्हणून मागे दोन जादा चाके जोडलेल्या स्कूटरने या भागात जे केले ते कोणत्याही समुपदेशनाने केले नसते. मुलींच्या बाबतीत स्कूटरही पुरत नाही, कारण तिथे भीतीचा पहारा दुप्पट असतो. अपंग मुलीला प्रेम वाटेल, लग्न करावेसे वाटेल, आपले शरीर तिला ठाऊक असले पाहिजे, हे घरात उच्चारलेसुद्धा जात नाही; मालिनी चिब यांनी आपल्या आत्मकथनात हा विषय उघडपणे मांडला, पण मराठीत त्याला अजून साजेशी सोबत मिळालेली नाही. आणि या सर्वांच्या तळाशी आईबापांचा तो एक प्रश्न असतो, जो ते परक्यापाशी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच काढतात: आमच्या मागे हिचा कोण? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्याच्या समितीमार्फत कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद केली आहे. तिची माहिती पुष्कळ कुटुंबांना उशिरा होते. पालक नेमणे सोपे असते, वाटा काढून देणे अवघड. ते ज्यांनी हयातीतच केले अशा काही घरांची हकीकत या संग्रहात आली आहे, आणि ती मला त्यातली सर्वांत धाडसी पाने वाटतात.

हा विषय आजच का निकडीचा झाला? पोलिओ गेला, २०११ च्या जानेवारीनंतर देशात त्याचा रुग्ण आढळला नाही आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. त्यामुळे अपंग मूल म्हटले की डोळ्यांपुढे येणारी कुबडी आणि कॅलिपर यांची जुनी प्रतिमा मागे पडली, आणि तिच्या जागी अकाली जन्मून नवजात कक्षात वाचलेली, स्वमग्न, अध्ययनाची अडचण असलेली मुले आली, ज्यांचे अपंगत्व पुष्कळदा दिसतच नाही आणि म्हणून 'आगाऊ', 'आळशी' अशा शिव्यांखाली दडपले जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंगांची नोंद झाली, पण त्या नोंदीत ही नवी मुले कितीशी आली असतील याविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे. दुसरीकडे, ज्या एकत्र कुटुंबावर आपण आजवर निर्धास्त होतो ते आता म्हातारा, म्हातारी आणि ते मूल एवढ्यावर आले आहे, कारण कर्ते सगळे मुंबईत वा गोव्यात. आणि गावाचा भूगोलही पालटला. चौपदरी महामार्ग इन्सुलीतून गेला, त्याने मुंबई जवळ आली आणि समोरची वाडी दूर गेली. ज्याला दुभाजकावरून उडी मारता येत नाही त्याला तर फारच दूर.

प्रस्तुत संग्रह या पार्श्वभूमीवर वाचावा. त्याची मांडणी रोगांच्या नावांनी केलेली नाही. अंधांचे प्रकरण, बधिरांचे प्रकरण अशी विभागणी डॉक्टरांच्या सोयीची असते, घरांच्या नव्हे. पालक, विशेष शिक्षक, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि स्वतः तरुण अपंग यांनी लिहिलेले किंवा सांगितलेले लेख येथे एकाच पंगतीला बसवले आहेत, आणि जिथे सांगणाऱ्याने मालवणीत सांगितले तिथे ते मालवणीतच राहू दिले आहे. परस्परविरोधी मतेही ठेवली आहेत. एका बापाने वसतिगृहाचे उपकार मानले आहेत, त्याच वसतिगृही जीवनाविषयी एका मुलीने कठोर लिहिले आहे, आणि संपादकांनी दोघांत निवाडा केलेला नाही, ते योग्यच झाले. उणिवाही आहेत. मनोविकार असलेल्या तरुणांचा प्रश्न जवळजवळ सुटून गेला आहे, बहिऱ्यांच्या हातून आलेला मजकूर थोडा आहे, आणि मच्छीमार वस्त्यांपेक्षा बागायतीचा पट्टा येथे अधिक दिसतो. पुढच्या आवृत्तीत हे भरून निघावे. विजयगाथा मात्र जाणून टाळल्या आहेत, याबद्दल मी संपादकांचा ऋणी आहे. अपंग खेळाडूंचा मैदानावरचा पराक्रम आम्हांला अभिमानास्पद नाही असे नाही, पण पदक न मिळवणाऱ्या मुलालाही सकाळी उठून कुठेतरी जायचे असते.

शेवटचा विभाग कागदपत्रांचा आहे आणि तो कंटाळवाणा वाटला तरी वगळू नये अशी माझी विनंती आहे. अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज कसा करायचा, टक्केवारीवर हरकत कुठे घ्यायची, परीक्षेत लेखनिक व जादा वेळ कसा मागायचा, हे तेथे नमुन्यांसह दिले आहे. त्यातच ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणासाठी खर्च करण्याच्या शासनाच्या हुकमाची माहिती आहे. बहुतेक गावी ही रक्कम वर्षाअखेर घाईने वाटून टाकण्यात येते, एखादी घोंगडी, एखादा धनादेश, फोटोसह. एका तरुण लेखकाने त्या विभागात असे सुचवले आहे की ती रक्कम कशावर खर्चावी हे ठरवणारी सभा तरी तळमजल्यावर भरवावी, तिची नोटीस मोठ्या अक्षरांत लावावी आणि वाड्यावाड्यांवर तोंडीही सांगावी, आणि वयाची अट न घालता शाळकरी अपंग मुलांनाही तीत बोलू द्यावे. साकव रुंद करायचा की पाणंदीवर चिरे घालायचे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे? ही सूचना अमलात आणण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. सरपंच, ग्रामसेवक आणि एक खालची खोली एवढे पुरे आहे.

इन्सुली, तालुका सावंतवाडी